नाडी हरवते तेव्हा : महाधमनीशोथ आणि त्याचे प्रकार

'नाडी सुटली' असे शब्द कानांवर आले की आपल्या मनात एकच अर्थ येतो. नाडी म्हणजे जीव, हे समीकरण आपल्या भाषेतच रुजलेले आहे. पण समजा, एखादी अठरा-वीस वर्षांची मुलगी डॉक्टरांसमोर बसून व्यवस्थित बोलते आहे, तिच्या हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपमधून स्पष्ट ऐकू येत आहेत, आणि तरीही तिच्या डाव्या मनगटावर नाडी लागत नाही. हे कसे शक्य आहे? हृदय चालू असताना नाडी कुठे हरवली?

या प्रश्नाचे उत्तर मनगटात नाही. ते छातीत, हृदयापासून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत, म्हणजे महाधमनीत आहे. काही पुस्तकांत हिलाच महारोहिणी म्हटलेले असते. तिच्या भिंतीला शोथ आला, म्हणजेच ती दाहाने सुजली, तर त्या विकाराला 'महाधमनीशोथ' म्हणतात. हा विकार सर्दी-पडशासारखा सर्रास आढळणारा नाही. तरी शिक्षकांनी तो समजून घ्यावा असे आम्हांला वाटते, याला दोन कारणे आहेत. एक, त्याचा एक महत्त्वाचा प्रकार शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो आणि त्याची पहिली लक्षणे 'अशक्तपणा' म्हणून सोडून दिली जातात. दुसरे, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र शरीरात हातात हात घालून कसे चालतात, याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडते.

नुसती नळी नव्हे

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून महाधमनी निघते. प्रथम ती वर चढते, मग कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लगटून छातीतून पोटात उतरते. कमानीवरून डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या मोठ्या शाखा फुटतात. पोटात यकृत, आतडी, मूत्रपिंडे यांच्या शाखा निघतात. आणि बेंबीच्या जवळपास ती दोन पायांसाठी दुभंगते. प्रौढ माणसात सुरुवातीला तिचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटर असतो, पोटात तो सुमारे २ सेंटिमीटरवर येतो.

विश्रांतीच्या वेळी हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाला सुमारे ७,००० लिटर रक्त या एका वाहिनीतून जाते. हृदय रक्त टाकते ते मात्र झटक्याझटक्याने. दोन ठोक्यांच्या मध्ये ते रक्त बाहेर टाकत नाही, तरीही आपल्या केशवाहिन्यांत रक्त अखंड वाहत राहते. ही किमया महाधमनीच्या लवचिकपणाची आहे. ठोका पडला की ती फुगते आणि आलेल्या रक्ताचा बराचसा भाग क्षणभर साठवून ठेवते. हृदय सैल पडले की ती आकसते आणि साठवलेले रक्त पुढे ढकलते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली या क्रियेची तुलना आग विझवण्याच्या पंपातील हवेच्या कोठीशी केली होती. त्या कोठीमुळे पंपाचे दांडे वरखाली होत असले तरी पाण्याची धार तुटत नसे.

हा लवचिकपणा येतो भिंतीच्या रचनेतून. भिंतीला तीन स्तर असतात. रक्ताला लागून असलेला नाजूक अंतःस्तर. लवचिक तंतूंचे आणि स्नायुपेशींचे एकावर एक पापुद्रे असलेला जाड मध्यस्तर. आणि चिवट तंतूंचा बाह्यस्तर. येथे एक मौजेची गोष्ट आहे. महाधमनीतून इतके रक्त वाहते, पण तिच्या जाड भिंतीच्या बाहेरच्या भागाला त्यातून थेट पोषण मिळत नाही. त्यासाठी बाह्यस्तरातून आत शिरणाऱ्या वेगळ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. त्यांना 'वाहिन्यांच्या वाहिन्या' म्हणता येईल. पुढे येणाऱ्या कथेत या सूक्ष्म वाहिन्यांचे काम मोठे आहे, म्हणून त्या ध्यानात ठेवाव्यात.

शोथ आणि त्याचे दोन शेवट

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते आणि दुखते. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. शोथ ही मुळात शरीराची संरक्षक क्रिया आहे. पांढऱ्या पेशी रक्तातून ऊतीत शिरतात, जंतूंशी झुंजतात, मेलेल्या पेशी उचलतात आणि शेवटी जखम व्रणाने भरून येते. पण हीच क्रिया नको तेथे सुरू झाली किंवा थांबायलाच तयार नसली, तर रक्षकच घर मोडू लागतात.

महाधमनीच्या बाबतीत मोडतोड होते ती मध्यस्तराची. लवचिक तंतू एकदा तुटले की प्रौढ शरीर ते पहिल्यासारखे नव्याने बांधू शकत नाही. त्यांच्या जागी ताठर व्रणऊती येते. यानंतर दोन वाटा संभवतात.

पहिली वाट अरुंद होण्याची. व्रणऊती जाड होत जाते, अंतःस्तरही वाढतो आणि रक्ताचा मार्ग आवळला जातो. अरुंद नळीतून होणाऱ्या प्रवाहाचा पॉइझेलचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना माहीत असेल. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा नव्हे, तर सोळावा हिस्सा उरतो. शरीरात बाजूच्या शाखा मदतीला येतात, म्हणून हा नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण थोड्याशा आवळण्याने एवढा फरक का पडतो, हे त्यावरून कळते. डाव्या हाताच्या धमनीचे तोंड असे आवळले गेले की मनगटावरची नाडी हरवते.

दुसरी वाट फुगण्याची. भिंत दुबळी झाली तर आतील दाबाने ती बाहेर फुगते. येथे लाप्लासचा नियम लागू पडतो. भिंतीवरचा ताण हा आतील दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणजे फुगवटा जितका मोठा, तितका भिंतीवरचा ताण जास्त. आणि ताण जास्त म्हणून फुगवटा आणखी मोठा. असे हे दुष्टचक्र शेवटी वाहिनी फुटण्यापर्यंत जाऊ शकते. फुगा फुगवताना सुरुवातीला जोर लागतो, पुढे तो सहज फुगतो, या अनुभवामागेही बऱ्याच अंशी हाच नियम आहे.

प्रकार कशासाठी पाडायचे?

महाधमनीशोथाचे दोन मोठे वर्ग केले जातात : जंतुसंसर्गाने होणारे आणि संसर्गाविना होणारे. ही विभागणी नुसती पाठांतरासाठी नाही. पहिल्या वर्गात जंतूंना मारणारी औषधे लागतात. दुसऱ्या वर्गात शरीराची प्रतिकारयंत्रणाच आवरावी लागते. जंतू असताना प्रतिकार दाबला तर जंतूंना रान मोकळे मिळते. आणि जंतू नसताना कितीही प्रतिजैविके दिली तरी रोग हटत नाही. म्हणजे एका रुग्णाचे औषध हे दुसऱ्याचे विष ठरू शकते. म्हणूनच 'प्रकार कोणता?' हा रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो.

संसर्गजन्य प्रकार

यांतला इतिहासप्रसिद्ध प्रकार म्हणजे उपदंशाचा, ज्याला बोलीत गरमी म्हणतात. या रोगाचा मळसूत्री आकाराचा जंतू १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधला. योग्य उपचार न झाल्यास हा जंतू शरीरात दडून राहतो आणि दहा ते पंचवीस वर्षांनी महाधमनीत डोके वर काढतो. त्याचा हल्ला होतो तो आपण वर पाहिलेल्या सूक्ष्म वाहिन्यांवर. त्या बुजल्या की मध्यस्तराची उपासमार होते, तंतू मरतात आणि आतील पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा सुरकुततो. चढत्या महाधमनीत मोठा फुगवटा येतो, तेथील झडप नीट मिटत नाही आणि रक्त उलटे हृदयात येऊ लागते. १९४३ मध्ये पेनिसिलिनचा उपदंशावर यशस्वी वापर झाला. त्यानंतर, एके काळी शवविच्छेदनात नेहमी दिसणारा हा विकार दुर्मीळ झाला.

दुसरा प्रकार नेहमीच्या जिवाणूंचा. स्टॅफिलोकॉकस आणि विषमज्वराच्या कुळातील साल्मोनेला हे यातले मुख्य गुन्हेगार होत. निरोगी महाधमनीला ते सहसा चिकटत नाहीत. वयोमानाने मेदाचे थर साचून खडबडीत झालेल्या भिंतीवर त्यांना आसरा मिळतो. हा प्रकार झपाट्याने वाढतो आणि तातडीने प्रतिजैविके व बहुधा शस्त्रक्रिया लागते.

आपल्या देशात तिसरा प्रकारही विसरून चालत नाही. तो म्हणजे क्षयाचा. महाधमनीला लागून असलेल्या लसीका-गाठीत किंवा मणक्यात क्षय असेल, तर तो शेजारधर्माने भिंतीत शिरू शकतो.

ताकायासु यांचा रोग

आता संसर्गाविना होणाऱ्या प्रकारांकडे वळू. यांत तरुण वयातला प्रमुख प्रकार मिकिटो ताकायासु यांच्या नावाने ओळखला जातो. गंमत अशी की ताकायासु हे हृदयरोगतज्ज्ञ नव्हते. ते जपानमधील कानाझावा येथील नेत्रवैद्य होते. एका तरुण स्त्रीच्या दृष्टिपटलावर त्यांना रक्तवाहिन्यांचे एक चमत्कारिक, माळेसारखे कडे दिसले. १९०८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दुसऱ्या जपानी वैद्यांच्या लक्षात आले की, डोळ्यांत अशी माळ असलेल्या आपल्या रुग्णांच्या मनगटावर नाडीही लागत नाही. या दोन गोष्टींचा संबंध पुढे स्पष्ट झाला. मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यामुळे डोळ्याला रक्त कमी पडत होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी दृष्टिपटलावर नव्या जोडवाहिन्या फुटत होत्या. १९५१ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी याला 'नाडीहीन रोग' असे नाव दिले.

या रोगात पांढऱ्या पेशी बाह्यस्तरातील सूक्ष्म वाहिन्यांतून भिंतीत शिरतात आणि बाहेरून आत पोखरत येतात. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच वाहिनीवर का उलटते, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. एचएलए-बी ५२ हा आनुवंशिक घटक असलेल्यांना धोका अधिक असतो, असे अनेक देशांत आढळले आहे. क्षयाशी संबंध असावा अशी शंका वर्षानुवर्षे घेतली गेली, पण ती सिद्ध झालेली नाही. रोग बहुतेक वेळा चाळिशीच्या आत सुरू होतो आणि स्त्रियांत जास्त आढळतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातील पहिले हृदयरोपण केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी, १९६३ मध्ये, त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे व इतर सहकाऱ्यांसह महाधमनीच्या मधल्या भागाच्या आकुंचनावर ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला होता. १९७३ मध्ये या गटाने १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानमध्ये रोगाचा भर कमानीवर आणि हातांच्या शाखांवर दिसतो, तर भारतात पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या अधिक वेळा सापडतात. पुरुष रुग्णांचे प्रमाणही आपल्याकडे जपानपेक्षा अधिक आहे. एकच रोग दोन देशांत वेगळा चेहरा घेतो. म्हणून परदेशी पुस्तकातले वर्णन आपल्या रुग्णावर डोळे झाकून बसवता येत नाही.

रक्तदाबाचा चकवा

मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की काय होते? मूत्रपिंडापर्यंत कमी दाबाने रक्त पोचते. त्याला वाटते, साऱ्या शरीराचाच रक्तदाब पडला आहे. म्हणून ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि त्यातून सुरू झालेल्या साखळीमुळे रक्तदाब वाढतो. १९३४ साली गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चिमटा लावून हे प्रयोगाने दाखवले होते. तरुण वयातील उच्च रक्तदाबामागे असे कारण असू शकते.

आता याच रुग्णाच्या हाताची धमनीही आवळलेली आहे असे समजा. दंडावर पट्टा बांधून मोजलेला दाब कमी भरतो. खरा दाब मात्र चढलेला असतो आणि तो हृदय, मेंदू व डोळे यांवर रोज घाव घालत असतो. 'बी.पी. जरा कमीच आहे, खाणेपिणे वाढवा' असा सल्ला मिळून रुग्ण घरी जातो. म्हणून शंका आली की दोन्ही दंडांवर, आणि गरज पडल्यास मांडीवरही, दाब मोजायचा असतो. १९९० साली ठरलेल्या निकषांत दोन हातांतील दाबाचा १० मिलिमीटरहून अधिक फरक महत्त्वाचा मानला होता. २०२२ च्या सुधारित निकषांत ही मर्यादा २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अशी केली आहे.

इतर असंसर्गजन्य प्रकार

महाकाय पेशींचा धमनीशोथ हा पन्नाशीनंतरचा रोग. भिंतीत अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसतात म्हणून हे नाव पडले. कानशिलावरची धमनी सुजते, डोके दुखते, घास चावताना जबडा भरून येतो. १८९० मध्ये हचिन्सन यांनी वर्णन केलेल्या एका वृद्धाला तर दुखण्यामुळे टोपीही घालवत नसे. उपचारास उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते, आणि पुढे काही वर्षांनी महाधमनीत फुगवटा येऊ शकतो. हा विकार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळतो, आपल्याकडे कमी.

याखेरीज पाठीचा कणा ताठ करणारा संधिवात, बेहचेट यांचा रोग अशा काही विकारांतही महाधमनी सुजते. अलीकडच्या काळात आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी संबंधित असा एक प्रकार ओळखला गेला आहे. त्यात महाधमनीभोवती जाड वेष्टन तयार होते आणि त्यात मूत्रवाहिन्याही सापडतात. काही वेळा तर कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया होते आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच शोथ असल्याचे उघड होते.

निदान आणि उपचार

पूर्वी महाधमनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेत. त्यात आतला मार्ग दिसे, भिंत दिसत नसे. म्हणजे घर पडल्यावरच आग लागल्याचे कळावे, तसा प्रकार. आता सीटी, एमआरआय आणि पेट या तपासण्यांत जाड झालेली, सुजलेली भिंतच दिसू शकते. रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग आणि सी-रिॲक्टिव्ह प्रथिन यांवरून शोथाचा अंदाज येतो. मात्र ही आकडेवारी ठीक असूनही भिंतीत रोग धुमसत असू शकतो.

संसर्गाविना होणाऱ्या बहुतेक प्रकारांत पहिले औषध म्हणजे प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड. ते दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे असे त्रास होतात, म्हणून मेथोट्रेक्झेट, ॲझाथायोप्रिन यांसारखी औषधे जोडीला देतात. टोसिलिझुमॅब हे नवे औषध शोथाचा एक रासायनिक निरोपच अडवते. ही औषधे सुरू करण्यापूर्वी शरीरात दडलेला क्षय नाही ना, हे पाहणे आपल्याकडे फार महत्त्वाचे असते. अरुंद जागा फुग्याने रुंद करणे किंवा पर्यायी मार्ग जोडणे ही कामे शक्यतो शोथ शांत झाल्यावर करतात. सुजलेल्या भिंतीवर घातलेले टाके नीट टिकत नाहीत.

वर्गात काय करता येईल?

एक सोपा प्रयोग सुचवतो. ५० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, एक प्लॅस्टिकची ताठ नळी, एक लांबट फुगा आणि रिकामी रिफील घ्या. प्रथम सिरिंजला ताठ नळी आणि तिच्या टोकाला रिफील बसवा. सिरिंजचा दट्ट्या थोडा दाबा, थांबा, पुन्हा थोडा दाबा. पाणी तुटकतुटक येईल. आता ताठ नळीऐवजी, बंद टोक कापलेला फुगा मध्ये घट्ट बांधा. पुन्हा तसेच दाबा. थांबल्यावर दट्ट्या मागे सरू नये म्हणून तो अंगठ्याने धरून ठेवा. हात थांबला तरी धार चालू राहील. निरोगी महाधमनी आणि व्रणांनी ताठर झालेली महाधमनी यांतला फरक मुलांना याहून चांगला समजावता येणार नाही.

दुसरा उपक्रम म्हणजे दोन्ही मनगटांवरील नाडी पाहण्याचा. नाडी मोजण्याचा धडा शिकवताना आपण बहुधा एकाच हाताची नाडी पाहायला सांगतो. त्याऐवजी दोन्ही हातांची पाहायला सांगावे. एखाद्याची नाडी एका बाजूला नीट लागली नाही, तर घाबरवू नये. बोटे चुकीच्या जागी असणे हेच नेहमीचे कारण असते, आणि काहींची धमनी जन्मतःच थोडी वेगळ्या वाटेने जाते. पण दोन-तीनदा पाहूनही नाडी सापडत नसेल तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते ऐकून घेणे. 'फळ्यावर लिहिताना हात भरून येतो', 'वेणी घालताना हात दुखून खाली घ्यावा लागतो', 'जरा चालले की पाय धरतात, थांबले की बरे वाटते', अशा तक्रारीसोबत महिनोन्‌महिने बारीक ताप, वजन घटणे आणि थकवा असेल, तर ते कामचुकारपणाचे लक्षण समजू नये. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत तर असा थकवा 'रक्त कमी असेल' म्हणून घरातच विसरला जातो. बहुतेकींचे कारण खरोखरच साधे निघेल. पण ज्या एखादीची धमनी आतून आवळत चालली आहे, तिच्यासाठी प्रत्येक महिना मोलाचा असतो, कारण तुटलेले लवचिक तंतू परत येत नाहीत. औषधाने रोग थांबवता येतो. गेलेली नाडी परत आणणे मात्र अवघड असते.

दोन बोटे, दोन मनगटे आणि एक मिनिट. एवढ्याच भांडवलावर करता येणारी ही तपासणी आहे. ती मुलांना शिकवणे आपल्या हातात आहे.